साठवलेले धान्य, मोजके जिन्नस आणि पायोनियर कुटुंबांची रोजची जेवणे

माळरान

अन्नसाठ्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा याद्यांतच अडकते. गहू किती पौंड, तांदूळ किती, बादल्या कोणत्या, झाकणे कोणती यावर पानेच्या पाने लिहिली जातात, आणि त्या बादल्यांतून मंगळवारी संध्याकाळी नेमके काय शिजवायचे हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकात मिसुरी नदी ओलांडून अमेरिकेच्या पश्चिमेकडे वसायला निघालेल्या, पायोनियर म्हणवल्या जाणाऱ्या कुटुंबांच्या खाण्यापिण्याविषयी वाचताना मला हीच गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटते. त्यांच्याकडे जिन्नस पाच-सहाच असत, पण प्रत्येक जिन्नसाची तीन-चार जेवणे बायकांच्या हाताला बसलेली असत. म्हणून माझे म्हणणे असे आहे की साठा करताना वस्तूंची यादी नंतर करावी आणि जेवणांची यादी आधी करावी.

त्या शिध्याचा आकार आधी पाहू. मिसुरीतील इंडिपेंडन्सपासून ओरेगॉन सिटीपर्यंतची वाट सुमारे २,००० मैलांची, म्हणजे ३,२०० किलोमीटरची होती आणि बैल जुंपलेल्या गाडीने ती पार करायला चार ते सहा महिने लागत. १८४५ साली अशा प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज यांनी प्रत्येक माणसामागे किमान २०० पौंड पीठ, १५० पौंड बेकन (खारवलेले डुकराचे मांस), १० पौंड कॉफी, २० पौंड साखर आणि १० पौंड मीठ घ्यावे असे लिहिले. (याच हेस्टिंग्ज यांनी सुचवलेल्या आडवाटेने गेलेल्या डॉनर तांड्याची १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फात अडकून कशी दैना झाली हे अनेकांना ठाऊक असेल, वाट घातक निघाली, तरी शिध्याचा त्यांचा अंदाज व्यवहार्य होता.) पुढे १८५९ साली अमेरिकन सैन्यातील कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांनी ११० दिवसांच्या प्रवासासाठी माणशी १५० पौंड पीठ, २५ पौंड बेकन, १५ पौंड कॉफी आणि २५ पौंड साखर असे प्रमाण दिले. त्याखेरीज सोडा, मीठ आणि मिरी घ्यावी आणि मांसाची उरलेली गरज गाड्यांबरोबर हाकत नेलेल्या जनावरांतून भागवावी असे त्यांनी सुचवले.

मार्सी यांच्या आकड्यांचा दिवसाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १५० पौंड म्हणजे ६८ किलो पीठ. ते ११० दिवसांत वाटले की रोज साधारण ६२० ग्रॅम येते. एकट्या एवढ्या पिठातून २,२०० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते. त्यात रोजचे १०० ग्रॅम बेकन आणि तितकीच साखर धरली की दिवसभर गाडीबरोबर पायी चालणाऱ्या माणसाचे पोट भरत असे. पोटाचा आधार पीठ होते आणि बाकी सगळे त्या पिठाला चव, चरबी आणि वैविध्य देण्यासाठी होते. आजही ज्याला काटकसरीने साठा करायचा आहे त्याने खर्चाचा मोठा भाग धान्यावर करावा आणि उरलेला थोडा पैसा चव आणणाऱ्या जिन्नसांवर राखून ठेवावा, असे मला यावरून वाटते. तयार जेवणांची महागडी पाकिटे घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते आणि अन्न रोजच्या वापरातले असल्यामुळे वायाही जात नाही.

बांधणीही नीट विचार करून केलेली असे. पीठ जाड कॅनव्हासच्या दुहेरी पोत्यांत, प्रत्येकात १०० पौंड याप्रमाणे शिवून भरावे, साखर रबराच्या पिशव्यांत ठेवावी म्हणजे नदी ओलांडताना ती विरघळणार नाही, आणि कडक उन्हाच्या प्रदेशात बेकन पेटीत ठेवून भोवती कोंडा भरावा म्हणजे चरबी वितळून वाहून जाणार नाही, असे मार्सी सांगतात. लोण्याबद्दलची त्यांची सूचना वाचून मराठी वाचकाला आपल्याच स्वयंपाकघरात आल्यासारखे वाटेल: लोणी उकळावे, वर येणारा फेस काढत राहावे, ते तेलासारखे नितळ झाले की पत्र्याच्या डब्यांत भरून डाग देऊन बंद करावे. म्हणजे लोणी कढवून केलेले तूपच ते.

आता एका जेवणाचे उदाहरण जवळून पाहू, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला सांजा, ज्याला तिकडे मश म्हणतात, तो बहुतेक घरांत होत असे. एक वाटी मक्याचे पीठ आधी एक वाटी गार पाण्यात कालवून घ्यावे, म्हणजे पुढे गुठळ्या होत नाहीत. तीन वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणावी, त्यात हे कालवण हळूहळू ओतावे आणि आच मंद करून अर्धा-पाऊण तास लाकडी पळीने तळापर्यंत ढवळत राहावे. कच्च्या पिठाचा वास जाऊन पळी ओढल्यावर तळ क्षणभर उघडा दिसला की मश झाला. रात्री तो गरम गरम, वर काकवी किंवा दूध घालून खातात. उरलेला मश चौकोनी भांड्यात ओतून थापून गार ठिकाणी ठेवतात. सकाळी तो वडीसारखा कापता येतो. बोटभर जाडीचे काप कोरड्या पिठात घोळवून चरबीवर तळले की बाहेरून कडक आणि आतून मऊ होतात. तळताना घाई करू नये, कारण खालची बाजू पूर्ण तांबूस होण्याआधी उलथले तर काप हमखास मोडतो. एकदा पेटवलेल्या चुलीवर दोन वेळचे जेवण होते, आणि गवताळ माळावर जिथे सरपणच नव्हते आणि बायसनचे वाळलेले शेण वेचून जाळावे लागे, तिथे ही बचत पिठाच्या बचतीइतकीच महत्त्वाची होती.

आपल्यापैकी जे अशा साठ्यावर खरोखर स्वयंपाक करतात त्यांनी आपापली जेवणे आणि अडचणी येथे लिहाव्यात, ही विनंती.

चुलीपाशी

धागा आवडला. मी डेन्व्हरजवळ राहते आणि माझ्या साठ्यात धान्याखालोखाल बीन्स आहेत. पण बीन्सच्या बाबतीत पायोनियरांची पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, हे सांगावेसे वाटते. समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९५ अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि ओरेगॉनच्या वाटेवरची साउथ पास खिंड तर २,२०० मीटरहून उंच आहे. तेथे उघड्या भांड्यात बीन्स तासन्‌तास उकळूनही कडक राहत असणार. ज्यांना उंचावर राहून बीन्स साठवायचे आहेत त्यांनी प्रेशर कुकर हा साठ्याचाच भाग समजावा.

दुसरी गोष्ट जुन्या बीन्सची. काही वर्षे उबदार जागेत पडलेले बीन्स भिजवूनही नीट मऊ होत नाहीत. भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर फरक पडतो, मात्र सोड्याने ब१ जीवनसत्त्व कमी होते आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. त्याहूनही हट्टी बीन्स असतील तर मी ते कोरडेच दळते. ते पीठ सूपला दाटपणा आणते आणि पावात थोडे मिसळले तरी चालते. लाल राजम्याबाबत एक सावधगिरी घ्यावी. तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय मंद आचेच्या विजेच्या भांड्यात घालू नये, कारण त्यातील लेक्टिन नावाचे विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही.

जुना नकाशा

माळरान यांचा मुख्य मुद्दा मान्य आहे, तरीही त्यातून उभे राहणारे, केवळ स्वतःच्या साठ्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे चित्र थोडे दुरुस्त करायला हवे, कारण त्यावरून आजचे लोक चुकीचा धडा घेतात. वाटेवरचे लोक सतत खरेदी आणि अदलाबदल करत होते. फोर्ट लॅरमी, फोर्ट हॉल अशा ठाण्यांवर शिधा मिळे, पण महाग मिळे. स्नेक नदीवरच्या साल्मन फॉल्सपाशी तेथील मूळ रहिवासी लोक ताजे आणि वाळवलेले मासे देत आणि बदल्यात कपडे, गळ असे सामान घेत. कित्येक तांड्यांना महिनोन्‌महिने बेकन खाल्ल्यावर मिळालेला पहिला चांगला बदल हाच होता.

आजच्या युटातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात १८४७ साली उतरलेल्या मॉर्मन पंथाच्या कुटुंबांनाही पहिल्या टंचाईच्या वर्षांत सेगो लिलीचे कंद खाऊन दिवस काढावे लागले, आणि ते कंद कोणते, कसे काढायचे हे ज्ञान तेथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचे होते. त्याच कृतज्ञतेने युटाने १९११ साली ते फूल राज्यपुष्प केले. मार्सी यांनी ज्या भाजलेल्या मक्याच्या पिठाची अतिशय स्तुती केली, तेही मेक्सिकन आणि मूळ रहिवासी लोकांचेच अन्न. मका भाजायचा, कुटायचा, थोडी साखर आणि दालचिनी मिसळायची. लागेल तेव्हा पाण्यात कालवून प्यायचे, चूल लागत नाही. अर्धा बुशेल, म्हणजे साधारण १७-१८ लिटर मापाच्या, पिठावर एक माणूस ३० दिवस काढू शकतो असे त्यांनी नोंदवले आहे.

हे लिहिण्याचे कारण असे की १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळाली आणि माणूस एकटाच तिच्यावर स्वावलंबी झाला, अशी एक कल्पना अजून प्रचलित आहे. ती जमीन कोणाकडून घेतलेली होती हे तर त्यात विसरले जातेच, पण शेजार, दुकानातली उधारी आणि रेल्वे यांवाचून ती शेते टिकली नसती हेही विसरले जाते. १८७४ साली टोळधाडीने कॅन्सस आणि नेब्रास्काची पिके खाल्ली तेव्हा बाहेरून आलेल्या धान्यावर आणि कपड्यांवरच अनेक घरे तगली. १८८०-८१ च्या हिवाळ्यात डकोटात बर्फाने आगगाड्या अडल्या तेव्हा बियाण्याचा गहू कॉफी दळायच्या हातयंत्रावर दळून लोकांनी पाव केले आणि गवताचे पीळ करून जाळले. साठा करताना शेजारी कोणाकडे काय आहे हे माहीत असणे, हाही तयारीचा भाग मानावा.

माळरान

जुना नकाशा, आपली दुरुस्ती योग्य आहे आणि ती धाग्यात नोंदली गेली हे बरे झाले. कॉफीच्या यंत्रावर दळलेल्या गव्हाचा आपण उल्लेख केलात, त्यावरून एक सांगायचे राहिले ते लिहितो. साठा अख्ख्या गव्हाचा करावा, पिठाचा नव्हे. गव्हाच्या अंकुरात तेल असते. दाणा फुटला की त्या तेलाला हवा लागते आणि कोंड्यासकट दळलेले पीठ काही महिन्यांत खवट होते. तोच गहू अख्खा, कोरडा आणि हवाबंद ठेवला तर ३० वर्षांनंतरही त्याचा खाण्याजोगा पाव होतो, असे युटातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधनातून दिसले आहे. पांढरा तांदूळ आणि ओट्सही असेच दीर्घकाळ टिकतात, मात्र तपकिरी तांदूळ त्याच्या कोंड्यातील तेलामुळे टिकत नाही.

पण त्यासाठी धान्यातील ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा आणि जागा २४ अंश सेल्सिअसपेक्षा गार हवी. प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या घातल्या की डब्यातील सोंडे आणि त्यांची अंडीही मरतात. पुड्या नसतील तर लहान पिशव्या उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतले बाष्प थेट धान्यावर जमते. आणि घरात हातगिरणी हवीच. गिरणीवाचून गहू साठवला तरी तो अख्खा शिजवून खाता येतो, हेही लक्षात ठेवावे: रात्री उकळत्या पाण्यात गहू घालून थर्मासमध्ये बंद करून ठेवला की सकाळी तो फुलून मऊ झालेला असतो.

दवबिंदू

मी अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एका गोष्टीवर स्पष्ट लिहिणे कर्तव्य समजते. जुन्या पद्धतींपैकी कोरड्या पदार्थांच्या पद्धती आजही विश्वासाने वापराव्यात. बरण्यांच्या पद्धती वापरू नयेत. जॉन मेसन यांनी आटे असलेल्या बरणीचे पेटंट १८५८ साली घेतले आणि त्यानंतर घरोघरी फळे आणि भाज्या बरण्यांत भरल्या जाऊ लागल्या, पण त्या काळी बोटुलिझमचे, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या अन्नविषबाधेचे, कारण कोणालाच माहीत नव्हते. या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या, ओल्या पदार्थात ते वाढून विष तयार करतात. त्या विषाने बरणीतील पदार्थाला वास किंवा रंग येईलच असे नाही.

त्यामुळे अमेरिकन कृषी खात्याचा नियम सरळ आहे: सामू (आंबटपणाचे माप, pH) ४.६ किंवा त्याहून कमी असलेली फळे, लोणची, मुरंबे उकळत्या पाण्यात बंद करता येतात. भाज्या, बीन्स आणि मांस यांना प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या बंद करण्याचे दाबाचे भांडेच लागते, ज्यात तापमान ११६ अंशांपर्यंत जाते. उंचीनुसार दाब वाढवावा लागतो, म्हणून चुलीपाशी यांच्यासारख्या उंचावर राहणाऱ्यांनी तक्ता पाहिल्याशिवाय काही करू नये. शिजवलेल्या मांसावर वितळलेल्या चरबीचा थर ओतून ते तळघरात ठेवण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी कौतुकाने सांगितली जाते; ती कृपया करू नका. तसेच वर सांगितलेल्या प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या अर्धवट वाळलेल्या भाज्यांत किंवा मांसात घालू नका, कारण तेथेही हाच धोका आहे. भाजी मोडताना कडकन तुटली पाहिजे, वाकता कामा नये.

रानमेवा

पीठ, बेकन, साखर आणि कॉफी एवढ्यावरच महिनोन्‌महिने काढले तर क जीवनसत्त्व कोठून मिळणार, असा प्रश्न वाचताना मनात आला. वाटेवर स्कर्व्ही होत असे का?

जुना नकाशा

होत असे, विशेषतः प्रवासाच्या उत्तरार्धात आणि सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात पोहोचलेल्यांच्या छावण्यांत. व्हिनेगर आणि सायट्रिक आम्ल घेतले की स्कर्व्ही टळते असा तेव्हा समज होता, आणि हे दोन्ही पदार्थ गाड्यांत असत. पण दोहोंतही क जीवनसत्त्व नसते. मार्सी यांनी शिफारस केलेल्या दाबून वाळवलेल्या भाज्यांचीही तीच गत होती. त्या भाज्यांचे काप करून, रस पिळून काढून, भट्टीत दगडासारखे कडक होईपर्यंत वाळवत. तळहाताच्या निम्म्या आकाराचा तुकडा उकळला की चार माणसांची भाजी होई, पण रस आणि उष्णता यांबरोबर जीवनसत्त्व निघून गेलेले असे. ज्यांनी वाटेत रानकांदे, द्राक्षे आणि हिरवा पाला वेचला ते बचावले.

माळरान

रानमेवा, आजच्या साठ्यात यावर दोन सोपे उपाय आहेत. पहिला मोड आणण्याचा: कोरड्या गव्हात किंवा मुगात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण तीन-चार दिवस मोड आले की ते तयार होते, शिवाय थंडीच्या महिन्यांत काहीतरी ताजे आणि करकरीत खायला मिळते. मोड स्वच्छ पाण्याने दिवसातून दोनदा धुवावेत, आणि घरात लहान मूल, गरोदर किंवा आजारी माणूस असेल तर ते शिजवूनच द्यावेत. शिजवल्याने जीवनसत्त्व थोडे कमी होते, तरी सगळे जात नाही. म्हणून दुसरा उपाय म्हणजे गोळ्यांची एक बाटली, जी जागाही घेत नाही.

स्थिरावलेल्या शेतांवरचा उपाय तळघराचा होता, आणि आता ज्यांच्याकडे गार तळघर आहे त्यांनी तो अवश्य करावा. बटाटे, गाजर, सलगम आणि कोबी शून्याच्या थोडे वर आणि चांगल्या ओलसर हवेत महिनोन्‌महिने राहतात. बटाटे फार गारव्यात गोडसर होतात, म्हणून त्यांना किंचित ऊब द्यावी. सफरचंदे मात्र गाजरांपासून दूर ठेवावीत, कारण सफरचंदांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजरे कडू होतात. लाल भोपळ्याला ओल अजिबात सोसत नाही. तो तळघरात न ठेवता घरातल्या कोरड्या, १० ते १३ अंशांच्या खोलीत ठेवावा.

चुलीपाशी

मक्याबद्दल एक भर घालते. मका हेच मुख्य अन्न करायचे असेल तर त्यावर चुन्याची किंवा राखेच्या पाण्याची प्रक्रिया करावी. मूळ रहिवाशांकडून शिकलेली हॉमिनीची पद्धत हीच होती: अख्खा मका राखेच्या तीव्र पाण्यात उकळायचा, साल सुटली की अनेक पाण्यांत धुवायचा. त्याने मक्यातील नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत गरीब लोक प्रक्रिया न केलेल्या मक्याच्या पिठावर जगले आणि नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा रोगाने हजारो दगावले. त्याचे कारण आहारात आहे हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले. मधूनमधून मश खाणाऱ्याला ही चिंता नाही, पण वर्षाचा साठा मक्यावर उभारणाऱ्याने हे वाचल्याशिवाय पोती आणू नयेत.

रानमेवा

सर्वांचे आभार. मला सुरुवात करायची आहे, जागा लहान आहे आणि एकदम मोठा खर्चही झेपणार नाही. नेमके कोठून सुरू करू?

माळरान

घरात आत्ता आवडीने खाल्ली जाणारी, फ्रीजशिवाय होऊ शकतील अशी सात जेवणे कागदावर लिहा. प्रत्येकासाठी लागणारे कोरडे जिन्नस मोजा आणि त्याला चारने गुणा. एवढ्यात रोज एका जेवणाचा जवळजवळ महिन्याचा साठा होतो आणि तो पलंगाखाली मावतो. दर आठवड्याच्या खरेदीत त्यातले एक-दोन जिन्नस थोडे जास्त आणा, डब्यावर तारीख घाला, नवा डबा मागे ठेवा आणि जुना पुढे ओढा. मीठ, सोडा आणि साखर भरपूर घ्या, कारण ती स्वस्त आहेत आणि कोरडी राहिली तर टिकतात. तेल मात्र वर्षभर पुरेल एवढेच घ्या, कारण साठ्यातील सर्वांत आधी खराब होणारा जिन्नस तोच असतो.

आणि धान्याआधी पाणी भरा. कोरड्या साठ्याला शिजायला पाणी लागते हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील सरकारी यंत्रणा माणशी रोज एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, असे किमान तीन दिवसांचे पाणी ठेवायला सांगतात आणि शक्य असल्यास दोन आठवड्यांचे. बीन्स भिजवून ते पाणी टाकणार असाल तर तेवढे वेगळे धरा.